घरगुती बिअरनिर्मितीतील पात्रे : निवड, फेरबदल आणि त्यांमागील तत्त्वे

१. विषय आणि त्याची मर्यादा

धान्यापासून बिअर तयार करण्याच्या कृतीत चार टप्पे येतात. मोड आणून वाळविलेल्या सातूची, म्हणजे माल्टची, भरड गरम पाण्यात भिजत ठेवून तीतील पिष्टाचे शर्करेत रूपांतर करणे हा पहिला टप्पा. यास मॅश म्हणतात. चोथ्यापासून निराळा केलेला गोड अर्क, म्हणजे वर्ट, हॉपच्या फुलांसह उकळणे हा दुसरा. उकळलेला वर्ट त्वरेने थंड करणे हा तिसरा, आणि त्यात यीस्ट घालून किण्वन घडवून आणणे हा चौथा. कारखान्यात या टप्प्यांसाठी स्वतंत्र पात्रे व साधने असतात आणि ती त्या त्या कामासाठीच घडविलेली असतात. घरी बिअर करणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याच्या हाताशी असतात ती स्वयंपाकघरातील पातेली, सहलीला नेण्याचे शीतपेटारे, जुनी पिंपे आणि प्लॅस्टिकच्या बादल्या. दुसऱ्याच कामासाठी घडविलेली ही भांडी आपल्या कामास लावावयाची, तर त्यांत कोणता फेरबदल करावा आणि कोणता करू नये, हा प्रश्न त्याला पदोपदी सोडवावा लागतो.

या प्रश्नामागील भौतिक व रासायनिक तत्त्वे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. भांड्याची निवड म्हणजे धातूची निवड, असा एक समज सर्वत्र आढळतो. उष्णतेच्या दृष्टीने पाहता धातूला वाटते तितके महत्त्व नाही. आकारमान, आकृती आणि सांधे यांना ते अधिक आहे. रासायनिक दृष्टीने मात्र धातूला महत्त्व आहे, आणि तेही प्रत्येक टप्प्यावर वेगवेगळे आहे. हे दोन मुद्दे एकमेकांत मिसळल्यामुळेच या विषयात बराच गोंधळ माजलेला दिसतो.

विवेचनाच्या सोयीसाठी सर्वत्र एकच उदाहरण घेतले आहे : ५ किलोग्रॅम माल्टपासून १९ लिटर बिअर. अमेरिकेत ५ गॅलनांची ही राशी जवळजवळ प्रमाण मानली जाते. ब्रिटनमध्ये गॅलन मोठा असल्यामुळे ५ गॅलन म्हणजे सुमारे २३ लिटर होतात. आसवनाचा, म्हणजे ऊर्ध्वपातनाने मद्यार्क काढण्याचा, विचार येथे केलेला नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमान्वये परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, हेही आरंभीच नमूद करणे आवश्यक आहे. तेव्हा पुढील उदाहरणे ज्या देशांत ही कृती कायदेशीर आहे तेथील आहेत. आपल्या विद्यार्थ्यांना त्यांचा उपयोग आहे तो उष्णतासंक्रमण, गंजक्रिया आणि मापांतर यांचे एक सुटसुटीत अध्ययन म्हणून.

२. उसन्या भांड्यांची परंपरा

घरगुती बिअरची साधने बहुतांशी उसनी का, याचे उत्तर कायद्याच्या इतिहासात सापडते. ब्रिटनमध्ये १८८० साली माल्टवरील कर रद्द झाला. परंतु त्याच वेळी घरी बिअर करणाऱ्यांसाठी परवाना आवश्यक ठरविण्यात आला. ही अट १९६३ साली, रेजिनाल्ड मॉडलिंग हे अर्थमंत्री असताना, काढून टाकण्यात आली. विक्रीवरील बंदी मात्र कायम राहिली. अमेरिकेत १९२० पासून देशव्यापी दारूबंदी होती. ती १९३३ साली उठली, तरी घरी बिअर करण्यास संघराज्याच्या कायद्याने मोकळीक मिळावयास १९७८ साल उजाडले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी संबंधित विधेयकावर स्वाक्षरी केली आणि दोन वा अधिक प्रौढ असलेल्या कुटुंबास वर्षाला २०० गॅलनांपर्यंत करमुक्त बिअर करता येऊ लागली. घटकराज्यांचे कायदे तेथे वेगळे असतात. अलाबामा व मिसिसिपी या राज्यांत ही मोकळीक २०१३ साली मिळाली.

जी कृती इतकी वर्षे निषिद्ध वा निर्बंधित होती, तिच्यासाठी खास भांडी करणारे कारखाने निघणे शक्य नव्हते. साहजिकच हौशी लोकांनी अन्य कामांची भांडी जवळ केली. ब्रिटनमध्ये कपडे उकळण्याचे विजेचे बंब वर्ट उकळण्यासाठी वापरात आले. अमेरिकेत सहलीचा शीतपेटारा मॅशचे पात्र बनला. शीतपेयांचे कारखाने धातूच्या उभ्या टाक्यांऐवजी पिशवीबंद पाक वापरू लागले, तेव्हा त्यांच्या १९ लिटरांच्या असंख्य टाक्या निरुपयोगी ठरल्या व बिअर साठविण्यासाठी हौशी मंडळींनी त्या उचलल्या. मद्यशाळांची ५८.७ लिटरांची पोलादी पिंपे वरून कापून त्यांच्या कढया करण्यात आल्या. या शेवटच्या प्रथेविषयी दोन इशारे देणे अगत्याचे आहे. ग्राहकाने अनामत रक्कम भरली तरी असे पिंप मद्यशाळेच्याच मालकीचे राहते. रीतसर विकत घेतलेल्या पिंपालाच हात लावणे न्याय्य होय. दुसरे असे की, आतील दाब पूर्णपणे सोडल्याखेरीज पिंपाला करवत लावणे प्राणघातक ठरू शकते.

आज घरगुती निर्मितीसाठी तयार उपकरणे बाजारात विपुल आहेत. तरीही उसन्या भांड्यांनी जे प्रश्न उभे केले, त्यांच्या उत्तरांतूनच या उपकरणांची घडण झाली असल्याने ते प्रश्न आजही अभ्यासनीय आहेत.

३. धातू आणि उष्णतावहन

तांब्याची उष्णतासंवाहकता दर मीटर-अंशाला सुमारे ४०० वॅट, शुद्ध ॲल्युमिनियमची सुमारे २३५ आणि अगंज पोलादाची, म्हणजे व्यवहारातील स्टेनलेस स्टीलची, केवळ १६ आहे. या आकड्यांवरून तांब्याच्या भांड्यात वर्ट पोलादी भांड्यातल्यापेक्षा कितीतरी लवकर उकळेल, असा निष्कर्ष काढला जातो. तो चुकीचा आहे.

ज्योतीपासून द्रवापर्यंत जाताना उष्णतेला तीन अडथळे ओलांडावे लागतात : ज्वलनवायूंचा बुडालगतचा थर, भांड्याची भिंत आणि आतील द्रवाचा थर. वायूच्या थराचा संक्रमणांक दर चौरस मीटर-अंशाला ५० ते १०० वॅट धरला, तर त्याचा रोध ०.०१ ते ०.०२ येतो. उकळत्या द्रवाचा संक्रमणांक काही हजार असतो, म्हणजे रोध सुमारे ०.०००३. एक मिलिमीटर जाडीच्या पोलादी बुडाचा रोध ०.००००६ भरतो. अर्थात एकूण रोधात धातूचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे. पोलादाच्या जागी तांबे घातल्याने जो लाभ होईल तो या एक टक्क्याच्या आतलाच असणार. उकळण्याचा वेळ ठरतो तो शेगडीच्या सामर्थ्यावर, बुडाच्या क्षेत्रफळावर आणि वाऱ्यापासून मिळणाऱ्या आडोशावर.

मग संवाहकतेला काहीच अर्थ नाही काय? आहे, पण तो आडव्या दिशेने. ज्योत बुडाला सर्वत्र सारखी लागत नाही. तिचे एक कडे असते. पातळ पोलादी बुडात ही उष्णता बाजूला पसरत नाही, त्यामुळे त्या कड्यावर वर्टमधील शर्करा करपते आणि करपट वास साऱ्या पेयाला लागतो. जाड ॲल्युमिनियमच्या भांड्यात, किंवा दोन पोलादी पत्र्यांमध्ये ५-६ मिलिमीटरांची ॲल्युमिनियमची चकती बसविलेल्या बुडात, उष्णता चहूकडे पसरते व हा दोष टळतो. आपल्याकडील तांब्याच्या बुडाची स्टीलची पातेली याच कल्पनेवर आधारलेली आहेत. मात्र तांब्याचा थर अगदी पातळ असल्यास त्याचे कार्य शोभेपुरतेच उरते. शेगडीऐवजी विजेचा तापक वापरावयाचा झाल्यास हाच प्रश्न वेगळ्या रूपाने पुढे येतो. तापकाच्या पृष्ठभागावर दर चौरस सेंटिमीटरला ८ वॅट वा त्याहून कमी भार असेल तर वर्ट करपण्याची भीती फारशी राहत नाही. अशा योजनेत भांडे भूयुक्त करणे आणि गळती होताच प्रवाह तोडणारी कळ बसविणे या गोष्टी ऐच्छिक मानता येत नाहीत.

४. धातू आणि रासायनिक क्रिया

पितळेच्या वा तांब्याच्या बिनकल्हईच्या भांड्यात ताक किंवा आंबट आमटी ठेवली की ती कळकते, हे आपल्या घराघरांत पूर्वापार ठाऊक आहे. ‘कळकणे’ हे एकच क्रियापद या विभागाचे सार सांगण्यास पुरेसे आहे : पदार्थाची आम्लता, संपर्काचा काळ आणि धातूचा स्वभाव या तिहींवर भांड्याची योग्यता अवलंबून असते.

वर्टचा सामू, म्हणजे पीएच, ५ ते ५.५ च्या दरम्यान असतो. किण्वनानंतर तो ४ ते ४.५ पर्यंत उतरतो. वर्ट कढईत तासदीड तास राहतो, बिअर पात्रात कित्येक आठवडे राहते. म्हणून एकाच धातूचा निकाल दोन टप्प्यांवर दोन प्रकारचा लागतो.

ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा जो संरक्षक थर असतो तो सुमारे ४.५ ते ८.५ या सामूच्या मर्यादेत टिकतो. उकळण्यासाठी हा धातू त्यामुळे निर्धास्तपणे वापरता येतो. नव्या भांड्यात प्रथम नुसते पाणी उकळून थर पक्का करून घेतला म्हणजे झाले. तो घासून चकचकीत करण्याचा मोह टाळावा. किण्वनासाठी मात्र ॲल्युमिनियम अयोग्य, आणि कॉस्टिक सोड्याने ते धुणे तर सर्वथा वर्ज्य; त्या क्रियेत धातू विरघळतो व हायड्रोजन वायू सुटतो.

तांबे वर्टमध्ये अत्यल्प प्रमाणात उतरते. यीस्टला पोषणासाठी ते लेशमात्र लागतेच, शिवाय किण्वनात उत्पन्न होणाऱ्या गंधकयुक्त दुर्गंधी संयुगांचे ते प्रमाण कमी करते. परंतु किण्वन आटोपल्यावर हेच तांबे ऑक्सिडीकरणाला उत्तेजन देते आणि बिअर लवकर शिळी होते. तात्पर्य, तांबे वर्टला चालते, बिअरला चालत नाही. त्यावर चढलेला हिरवा जंगाल मात्र केव्हाही विषारीच. तो सौम्य आम्लाने काढूनच वस्तू वापरली पाहिजे.

पितळी तोट्यांत कातकाम सुलभ व्हावे म्हणून काही टक्क्यांपर्यंत शिसे मिसळलेले असू शकते. दोन भाग व्हिनेगर व एक भाग सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या मिश्रणात पितळ काही मिनिटे बुडविले असता पृष्ठावरील शिसे निघून जाते. तथापि शिसेविरहित तोटी मिळत असताना हा खटाटोप करण्याचे कारण नाही. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादल्या आणि टाक्या सरळ नाकाराव्यात, कारण आम्लात जस्त सहज विरघळते. शिशाचे झिलईकाम असलेल्या मातीच्या जुन्या बरण्यांनाही हाच न्याय लागू आहे. येथे इतिहासातील एका प्रकरणाचे स्मरण करणे उचित होईल. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात अठराव्या शतकात सफरचंदाची सायडर पिणाऱ्यांना तीव्र पोटशूळ व पक्षाघात होत असे. सर जॉर्ज बेकर या वैद्याने १७६७ साली दाखवून दिले की, या विकाराचे मूळ सायडरमध्ये उतरलेले शिसे हे होते. आणि ते येत होते सायडर काढण्याच्या चरकांना व पात्रांना लावलेल्या शिशातून. पेय तेच, फळ तेच. रोग भांड्याचा होता.

अगंज पोलाद चारही टप्प्यांवर चालते, आणि त्याच्या लोकप्रियतेचे खरे कारण हे आहे. त्यातील १८ टक्के क्रोमियम पृष्ठभागावर अदृश्य थर धरते. हायपोक्लोराइटयुक्त विरंजक द्रवात ते फार वेळ ठेवल्यास मात्र थराला सूक्ष्म छिद्रे पडून गंज आत शिरतो, ही गोष्ट निर्जंतुकीकरणाच्या वेळी ध्यानात ठेवावयास हवी.

५. कढईचे आकारमान व आकृती

आता आपल्या उदाहरणाकडे वळू. शेवटी १९ लिटर बिअर हवी असेल, तर कढईत आरंभी किती वर्ट असावा? तासाभराच्या उकळण्यात सुमारे ४ लिटर पाणी वाफ होऊन जाते. थंड होताना द्रव सुमारे ४ टक्के आकसतो आणि बुडाशी एखादा लिटर साका उरतो. म्हणजे २५ लिटरांपासून २१, त्यांचे थंड झाल्यावर सुमारे २०, आणि साका वगळून १९, असा हा हिशेब आहे. वर्टची सापेक्ष घनता याच प्रमाणात वाढते : आरंभी १.०४२ असलेला वर्ट अखेरीस १.०५० होतो. फेस उतू जाऊ नये म्हणून काठाखाली १० सेंटिमीटरांहून अधिक जागा हवी. ३६ सेंटिमीटर व्यासाचे आणि तितक्याच उंचीचे पातेले ३६.६ लिटर धरते. त्यात २५ लिटर वर्ट साडेचोवीस सेंटिमीटरांपर्यंत चढतो आणि वर सुमारे साडेअकरा सेंटिमीटर मोकळे राहतात. १९ लिटर बिअरसाठी ३५ लिटरांच्या आसपासचे भांडे का लागते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

शेगडीचाही हिशेब येथेच करावा. ४ लिटर पाण्याची वाफ करण्यास सुमारे ९,००० किलोज्यूल उष्णता लागते. ती एका तासात पुरवावयाची तर भांड्याला प्रत्यक्ष अडीच किलोवॅट मिळाले पाहिजेत, आणि भांड्याच्या अंगावरून होणारा क्षय याहून वेगळा. स्वयंपाकघरातील नेहमीची गॅसची शेगडी इतके देऊ शकत नाही. अशा वेळी मोठे भांडे घेऊन लाभ होत नाही. राशीच निम्मी करावी, किंवा वर्ट दोन भांड्यांत वाटून उकळावा, हे शहाणपणाचे.

तोंड रुंद असले की वाफ अधिक जाते, हा समज अर्धाच खरा आहे. खळखळून उकळणाऱ्या द्रवापासून किती वाफ निघावी हे पुरवलेल्या उष्णतेवर ठरते, तोंडाच्या रुंदीवर नव्हे. रुंद बुडाला ज्योतीचा अधिक भाग लागतो म्हणून वाफ वाढलेली दिसते. झाकणाविषयी मात्र शंका नको : उकळताना ते पूर्ण बंद ठेवू नये. माल्टमधील एका संयुगापासून उष्णतेमुळे डायमिथिल सल्फाइड तयार होते. त्याला शिजविलेल्या मक्यासारखा वास असतो व ते वाफेबरोबर निघून जावयास हवे. झाकणावर साचलेले थेंब परत आत पडले, तर दोष बिअरमध्येच राहतो.

६. मॅशचे पात्र आणि लहानपणाचा दोष

मॅशचे तापमान तासभर ६५ ते ६८ अंशांच्या दरम्यान स्थिर ठेवावे लागते. पिष्टाचे विघटन करणाऱ्या दोन प्रमुख एंझाइमांपैकी एक याहून किंचित कमी आणि दुसरे किंचित अधिक तापमानाला उत्तम काम करते. एकदोन अंशांच्या फरकाने शर्करांचे परस्परप्रमाण बदलते आणि बिअर अधिक शुष्क किंवा अधिक गोडसर होते.

प्रथम आधणाचे तापमान काढू. ५ किलोग्रॅम भरड २५ अंशांवर आहे व १३ लिटर आधण तीत मिसळून ६७ अंश गाठावयाचे आहेत. भरडीची विशिष्ट उष्णता पाण्याच्या ०.४ पट धरल्यास आधण ७३.५ अंशांचे हवे. परंतु हा हिशेब भांडे विसरतो. ६ किलोग्रॅम वजनाचे पोलादी भांडे थंड असेल तर ते आणखी २ अंशांहून अधिक उष्णता स्वतःच पिऊन टाकते. म्हणून एकतर आधण सुमारे ७६ अंशांचे घ्यावे किंवा भांडे गरम पाण्याने आधी तापवून घ्यावे.

पुढचा प्रश्न तासभर होणाऱ्या उष्णताक्षयाचा. पाणी व भरड मिळून सुमारे १६ लिटर होतात. उघड्या पोलादी पातेल्याचा त्या वेळचा पृष्ठभाग ०.३८ चौरस मीटर आणि संक्रमणांक १० धरला, तर सुमारे १६० वॅट उष्णता बाहेर जाते आणि तासाभरात तापमान जवळजवळ ९ अंश उतरते. तीन सेंटिमीटर फेसाळ प्लॅस्टिकची भिंत असलेल्या शीतपेटाऱ्यात हीच घट एका अंशाच्या आत राहते. बर्फ टिकविण्यासाठी बनविलेली वस्तू उष्णता टिकविण्यासाठी इतकी उपयोगी का पडते, हे या दोन आकड्यांत आले.

या अडचणीचे मूळ आकारमानात आहे. २,००० लिटरांचे पात्र आणि २० लिटरांचे पात्र आकृतीने समरूप असले, तर लहान पात्राचा दर लिटरमागचा पृष्ठभाग मोठ्याच्या ४.६४ पट भरतो, आणि त्याच पटीने ते लवकर निवते. कारखान्यातील मॅशच्या पात्राची लहान प्रतिकृती केल्याने कारखान्यातील मॅश लहान प्रमाणात मिळत नाही. भिंतीचा उष्णतारोध निराळा ठेवावाच लागतो.

शीतपेटाऱ्याच्या आकृतीकडेही पाहिले पाहिजे. वर्ट चोथ्याच्याच थरातून गाळून येतो, म्हणून हा थर पुरेसा खोल असावा लागतो. ३० सेंटिमीटर व्यासाच्या दंडगोल पात्रात आपला मॅश २३ सेंटिमीटर खोल राहतो. ६० गुणिले ३० सेंटिमीटरांच्या पसरट पेटाऱ्यात तो ९ सेंटिमीटरच भरतो. उथळ थर नीट गाळत नाही आणि लवकर निवतो. बुडाशी छिद्रांची पोलादी चकती बसवावी, किंवा खाचा पाडलेल्या तांब्याच्या नळ्यांची चौकट खाचा खाली करून ठेवावी. दोन्ही उपाय चालतात. पेटाऱ्याच्या आतील प्लॅस्टिक ८० अंशांना वाकणार नाही याची खात्री मात्र आधी करून घ्यावी.

ऑस्ट्रेलियात एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात याहून साधा मार्ग रूढ झाला : भरड कापडी पिशवीत घालून संपूर्ण पाण्यासह एकाच कढईत मॅश करावयाचा आणि नंतर पिशवी उचलावयाची. चोथा दर किलोग्रॅममागे सुमारे १ लिटर पाणी धरून ठेवतो. तेव्हा पाणी ३० लिटर, भरडीने व्यापलेली जागा ३.३ लिटर, आणि आपले ३६ लिटरांचे पातेले काठोकाठ जाण्याच्या बेतात. एक पात्र वाचते, पण त्याची किंमत पातेल्याच्या आकारमानात मोजावी लागते.

७. तोटी आणि सांधे

पातेल्याला तोटी बसविणे हा सर्वांत प्रचलित फेरबदल होय. उकळत्या वर्टने भरलेले ३० किलोग्रॅमांचे भांडे उचलून ओतण्याचा धोका त्यामुळे टळतो. अर्ध्या इंची तोटीसाठी २१ ते २२ मिलिमीटरांचे छिद्र लागते. अगंज पोलाद घर्षणाने अधिकच कठीण होते, म्हणून ड्रिलची गती मंद, दाब भरपूर आणि तेल सतत हवे. पायऱ्यापायऱ्यांच्या ड्रिलने छिद्र टप्प्याटप्प्याने मोठे करावे व त्याचे काठ कानशीने साफ करावेत. तोटी नट व सिलिकोनच्या वायसरने आवळता येते किंवा वेल्डिंगने पक्की करता येते. पहिल्या रीतीत आट्यांच्या फटींत वर्ट साचून जंतूंना आसरा मिळतो, म्हणून तोटी वरचेवर खोलून धुतली पाहिजे. दुसऱ्या रीतीत हवेशी संपर्क येऊन आतली बाजू जळू नये म्हणून ऑर्गन वायूचा आधार द्यावा लागतो; नाहीतर सांध्याच्या आत खरबरीत, गंजणारा थर उरतो. डाग द्यावयाचा असल्यास तो शिसेविरहितच असावा.

छिद्र किती उंचीवर पाडावे, हेही गणितानेच ठरते. ३६ सेंटिमीटर व्यासाच्या बुडावर दर सेंटिमीटर उंचीला १.०२ लिटर द्रव राहतो. तोटी ३ सेंटिमीटर वर असेल तर ३ लिटर वर्ट, म्हणजे आठवा भाग, भांड्यातच अडकतो. आतून बुडाकडे वाकविलेली नळी जोडली असता ती वक्रनलिकेप्रमाणे काम करते आणि साक्याचा एक सेंटिमीटर तेवढा खाली सोडते.

वर्ट थंड करण्याच्या नळीविषयी येथे एवढेच सांगणे पुरे. तांब्याच्या वेटोळ्यातून थंड पाणी खेळवीत ती वर्टमध्ये बुडवितात. येथेही मुख्य रोध द्रवांच्या थरांचा असतो. म्हणून वेटोळे कोणत्या धातूचे यापेक्षा वर्ट सतत ढवळला जातो की नाही, यावर वेग अधिक अवलंबून आहे.

८. किण्वनाचे पात्र

उकळून झाल्यावर प्रश्नाचे स्वरूपच पालटते. उष्णतेऐवजी आता स्वच्छता, ऑक्सिजन आणि दाब यांचा विचार करावा लागतो. मॅशला बाधणारे लहानपण येथे प्रथम उपकारक ठरते. आपल्या राशीतील दीड किलोग्रॅम शर्करेच्या किण्वनात जी उष्णता सुटते ती बाहेर गेलीच नाही, तर द्रव सुमारे ११ अंशांनी तापेल. कारखान्यात म्हणूनच थंड पाण्याची वेष्टने लागतात. १९ लिटरांच्या पात्रातून ही उष्णता तीनचार दिवसांत बरीचशी आपोआप निघून जाते. परंतु मोठा पृष्ठभाग ऑक्सिजनलाही मोठे दार उघडून देतो. खाद्ययोग्य पॉलिथिलीनच्या भिंतीतून ऑक्सिजन हळूहळू आत झिरपतो. तेव्हा अशी बादली दोनतीन आठवड्यांच्या किण्वनासाठी उत्तम, दीर्घ साठवणीसाठी अयोग्य. तिला आतून घासणीचा स्पर्शही होऊ नये, कारण ओरखड्यांत जंतू दडतात.

काचेचा बुधला वायू आत येऊ देत नाही आणि आतील व्यवहार डोळ्यांना दिसतो. पण भरलेल्या बुधल्याचे वजन २५ किलोग्रॅमांच्या घरात जाते, ओले हात निसटतात, आणि फुटलेल्या बुधल्यांनी गंभीर इजा झालेल्या आहेत. तो मानेला धरून उचलू नये. भरलेला तर शक्यतो हलवूच नये.

दाबाचा धोका सर्वांत कमी ओळखला जातो. आपल्या बिअरमध्ये सुमारे ५ टक्के मद्यार्क तयार झाला, तर त्याबरोबर ०.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. २० अंश तापमानाला त्याचे आकारमान सुमारे ३९० लिटर, म्हणजे द्रवाच्या वीस पट भरते. पात्राचा पाचवा हिस्सा फेसासाठी रिकामा ठेवण्याचा प्रघात याचसाठी आहे. जोराच्या किण्वनात फेस बुचातील बारीक नळीत शिरून ती तुंबते. म्हणून आरंभीचे काही दिवस रुंद नळी लावून तिचे दुसरे टोक पाण्यात बुडवून ठेवणे श्रेयस्कर. बाटल्यांच्या बाबतीतही हेच भान हवे. दर लिटरमागे सुमारे ४ ग्रॅम साखर द्रवाच्या आकारमानाइतका वायू उत्पन्न करते. किण्वन अपुरे असताना बाटल्या बंद केल्या, किंवा दाबासाठी न बनविलेली काच वापरली, तर त्या फुटतात.

९. समारोप

वरील विवेचनातून जे निष्पन्न होते ते थोडक्यात असे : कढईसाठी सामर्थ्य व मोकळी जागा पाहावी, धातू नंतर, मॅशसाठी भिंतीचा उष्णतारोध व थराची खोली पाहावी, तोटीसाठी उंची आणि साफ करता येईल असा सांधा पाहावा, किण्वनासाठी पृष्ठाची अखंडता आणि वायूची वाट पाहावी. शिसे व जस्त यांना कोणत्याच टप्प्यावर थारा देऊ नये.

प्रयोगशाळेतील यशस्वी कृती मोठ्या प्रमाणावर का बिघडते, किंवा कारखान्यातील कृती प्रयोगशाळेत का जमत नाही, हा प्रश्न आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे कोणत्या ना कोणत्या रूपाने येतोच. त्याची प्रचीती घेण्यास मद्याची किंवा परवान्याची गरज नाही. एक ३६ सेंटिमीटरांचे पातेले, एक शीतपेटारा, एक तापमापक व नुसते पाणी एवढ्या सामग्रीवर उष्णताक्षय, बाष्पाचा दर आणि तोटीखालील शिल्लक या तिन्ही राशी एका दुपारी मोजता येतील. वर दिलेल्या आकड्यांशी त्यांचा मेळ कोठे बसतो व कोठे बसत नाही, याचा शोध हा या लेखाचा सर्वांत उपयुक्त भाग ठरावा.